रक्तदाब: अकलोलीचं कुंड आणि केईएमचं शवासन

तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरीच्या शेजारी, भिवंडी तालुक्यात अकलोली नावाचं गाव आहे. गाव लहान, पण ठाणे, कल्याण, वसई, मुंबईतल्या कितीतरी घरांतल्या वडीलधाऱ्यांना ते ठाऊक असतं, कारण तिथे जमिनीतून गरम पाणी येतं. पूर्वी कुंडावर येणाऱ्यांत संधिवात आणि त्वचेच्या तक्रारी असलेले लोक जास्त असायचे. आता ‘बीपी आहे, इथे आलं की बरं वाटतं’ असं म्हणणारेही असतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. गरम पाण्यात बसल्यावर रक्तदाब खरोखरच उतरतो. पण तो किती उतरतो, किती वेळ उतरलेला राहतो आणि घरी गेल्यावर गोळी घ्यायची की नाही, हे विचारल्याशिवाय त्या बरं वाटण्याचा अर्थ लागत नाही.

या पाण्याचा ज्वालामुखीशी संबंध नाही. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांमधून खूप खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या वाटेनं वर येतं. पालघरपासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुरळ, राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे. वज्रेश्वरी देवीनं मारलेल्या दैत्यांच्या रक्तानं इथलं पाणी तापलं, अशी आख्यायिका सांगतात. जवळच्या गणेशपुरीत नित्यानंदबाबा राहिले आणि ऑगस्ट १९६१ मध्ये तिथेच समाधिस्थ झाले. स्नान, जप आणि ध्यान या परिसरात एकत्रच नांदत आलं आहे. शरीर सैल सोडणं, मन शांत करणं, श्वास लांबवणं या गोष्टींचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, हा आज जगभर संशोधनाचा विषय आहे. त्याची एक महत्त्वाची सुरुवात इथून फार दूर नाही, परळला केईएम रुग्णालयात झाली.

आधी कुंडाचा हिशेब करू. गरम पाण्यात शिरलं की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्ताला वाट मोकळी मिळते, रोध कमी होतो आणि दाब खाली येतो. त्याची भरपाई म्हणून हृदय जास्त वेगानं धडधडू लागतं. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. औषधं चालू असलेल्या उच्च रक्तदाबाच्या २१ रुग्णांना त्यांनी ४० अंश सेल्सियसच्या पाण्यात दहा मिनिटं बसवलं. वरचा दाब सरासरी १४४ वरून १२२ वर आला. निरोगी माणसांचाही जवळपास तेवढाच उतरला आणि कोणालाही अपाय झाला नाही. बावीस अंकांची उतरण ही लहान गोष्ट नाही. मात्र पाण्याबाहेर आल्यावर दाब पुन्हा मूळ जागेकडे चढू लागला. अकलोलीला येणाऱ्याला जे सुख मिळतं ते खरं आहे, पण ते आठवडाभर टिकणारं औषध नाही.

त्या प्रयोगातलं पाणी ४० अंशांचं होतं आणि वेळ दहा मिनिटांची, हे कुंडावर जाताना विसरू नये. झऱ्याचं मूळ पाणी याहून बरंच तापलेलं असतं. त्यात हात बुडवून धरता येत नसेल तर अंग बुडवण्याचा विचारच करू नये. निवलेल्या टाकीत बसणं बरं. दुसरा धोका उठताना असतो. पाण्यात बसलेलं असताना पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलत असतो. एकदम उठून उभं राहिलं की तो आधार जातो, रक्त पायांत उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी किंवा लघवी वाढवणारं औषध चालू असलेल्या आजोबांना ही अंधारी लवकर येते. कुंडाच्या ओल्या पायऱ्यांवर पडून खुबा मोडणं हे रक्तदाबापेक्षा लवकर अंथरुणाला खिळवतं. सोबत कोणीतरी हवं, उठताना आधी पायरीवर दोन मिनिटं बसावं, आणि दारू पिऊन पाण्यात उतरू नये. छातीत अलीकडे दुखून गेलेल्यांनी किंवा दाब ताब्यात नसलेल्यांनी पाण्यात उतरूच नये.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरील स्त्रियांत सुमारे २१ टक्के आणि पुरुषांत २४ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला किंवा औषधावर असलेला आढळला. भिवंडीपुरतं बोलायचं तर इथलं जगणंच दाब वाढवणारं आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये माणूस शेजारच्याशी ओरडून बोलतो, पाळ्या लांब असतात, झोप तुटक असते. सततचा मोठा आवाज, अपुरी झोप आणि रात्रपाळी या तिन्हींचा रक्तदाबाशी संबंध आहे. अशा माणसाला ‘मन शांत ठेवा’ असं सांगून डॉक्टरांनी पुढचा रुग्ण बोलवावा, हे मला पटत नाही. शांत कसं व्हायचं, याचं प्रशिक्षण देता येतं आणि त्याचा परिणाम मोजता येतो. तेच केईएममध्ये झालं.

हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी देशमुख, दळवी व विणेकर यांनी १९६९ मध्ये ‘अँजिओलॉजी’ या नियतकालिकात शवासनावरचा निबंध छापला. यातले विणेकर लोणावळ्याच्या कैवल्यधामचे होते. एका बाजूला महापालिकेच्या रुग्णालयाचा हृदयरोग विभाग आणि दुसऱ्या बाजूला योगाची प्रयोगशाळा, असा तो जोड होता. त्यांनी ४७ रुग्ण घेतले. उताणं झोपायचं, हातपाय थोडे फाकवून सैल सोडायचे, पोटानं संथ श्वास घ्यायचा, श्वास सोडल्यावर जरा जास्त थांबायचं. लक्ष नाकपुड्यांशी ठेवायचं: आत येणारी हवा गार लागते आणि बाहेर जाणारी कोमट, तेवढंच टिपत राहायचं. रोज अर्धा तास. बहुतेकांना हे नीट जमायला तीनेक आठवडे लागले.

या प्रयोगातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे रुग्णांची विभागणी. दहा जण औषधाशिवाय होते, २२ जणांचा दाब औषधांनी ताब्यात होता, आणि १५ जणांचा औषधं घेऊनही ताब्यात नव्हता. औषधाशिवायच्या दहा जणांत सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला. (हा वरच्या आणि खालच्या आकड्यांमधून काढलेला मध्यमान दाब, रोजच्या बोलण्यातला ‘वरचा’ दाब नव्हे.) औषधानं ताब्यात असलेल्यांपैकी १३ जणांना पूर्वीच्या जेमतेम एक तृतीयांश औषधावर तोच दाब राखता आला. तिसऱ्या गटात सहा जणांचं औषध कमी झालं. आणि ज्यांच्या धमन्याच कडक झाल्या होत्या, त्यांना काहीच उपयोग झाला नाही. हेही निबंधात आहे.

शरीरात हे कसं घडतं? मानेतल्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाची गती व रक्तवाहिन्यांचं आकुंचन कमी करतो. फ्रिजचा थर्मोस्टॅट जसा ठरलेल्या अंशावर यंत्र चालू-बंद करतो, तसंच हे काम. उच्च रक्तदाबात हा थर्मोस्टॅट वरच्या आकड्यावर अडकून बसतो आणि त्याची संवेदनाही बोथट होते. भीती, राग, घाई यांच्या वेळी जागी होणारी मज्जासंस्थेची शाखा सतत जागीच राहिली तर ही बोथटपणाची सवय पक्की होते. संथ श्वास आणि स्नायूंचं शिथिलीकरण त्या शाखेला विश्रांती देतात. इटलीतल्या बर्नार्डी यांच्या चमूनं २००१ मध्ये दाखवलं की लॅटिन जपमाळ म्हणताना आणि ‘ॐ मणिपद्मे हुं’ या मंत्राचा जप करताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि संवेदकांची धार वाढते. पुढे २००५ च्या एका अभ्यासात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी मिनिटाला सहा श्वास घेतले, तेव्हा त्यांचा दाब सुमारे १५०/८३ वरून १४१/७८ वर आला. ही उतरणही त्या बैठकीपुरतीच मोजलेली होती, हे ध्यानात ठेवावं. जप कोणत्या देवाचा, यानं संवेदकांना फरक पडत नसावा. लय मात्र महत्त्वाची. आपल्याकडे संध्याकाळी सावकाश, दम न लागता म्हटली जाणारी स्तोत्रं आणि हरिपाठ याच लयीच्या जवळपास जातात, असं मला वाटतं.

केईएमच्या निबंधामागे लोणावळ्याची चाळीस-पंचेचाळीस वर्षं उभी होती. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. आसनं करताना शरीराच्या आत काय घडतं हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. त्या काळी हे धाडस होतं. योग्यांना प्रयोगशाळा नको होती आणि प्रयोगशाळांना योगी नको होते.

कुवलयानंदांचा सल्ला घेणाऱ्यांत गांधीजी होते. १९२७ च्या मार्चमध्ये दौऱ्यावर असताना कोल्हापुरात त्यांची प्रकृती एकाएकी बिघडली. रक्तदाब वाढल्याचं निदान झालं. विश्रांतीसाठी त्यांना आंबोलीला आणि पुढे म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर नेलं. त्या काळात त्यांचा कुवलयानंदांशी आसनांबद्दल आणि रक्तदाबाबद्दल पत्रव्यवहार चालू होता. गांधीजींचा पुढचा आलेख पाहिला की मात्र मन थबकतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांचा दाब १९४/१३० होता, फेब्रुवारी १९४० मध्ये २२०/११०. रोज मैलोन्‌मैल चालणारा, मोजकं खाणारा, दारू-तंबाखूला न शिवणारा, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणारा हा माणूस. जीवनशैलीचे आज सांगितले जाणारे जवळजवळ सगळे नियम त्यांनी पाळले होते, तरी दाब तिथवर गेला. आपण काहीतरी चुकलो म्हणूनच बीपी वाढलं, असं स्वतःला दोष देत बसलेल्या अनेकांना मी हे आकडे आवर्जून सांगेन. आनुवंशिकता आणि वय यांच्यापुढे शिस्तही कधी कधी तोकडी पडते. तिथे औषध लागतं. गांधीजींच्या काळात आजच्यासारखं औषध नव्हतंच. १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले, तेव्हा त्यांचा दाब ३०० च्या घरात होता आणि त्यांच्या डॉक्टरांपाशीही परिणामकारक असं काही नव्हतं.

गांधीजी सर्पगंधा घेत. आणि सर्पगंधेचं पुढे काय झालं, ही पुन्हा केईएमची गोष्ट आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिथे उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन परिणाम नोंदवले आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातलं रिसर्पीन वेगळं काढलं गेलं आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पीन गुणकारी ठरलं, पण त्यानं नाक चोंदायचं आणि मोठ्या मात्रेत काही रुग्णांना खोल नैराश्य यायचं. म्हणून नंतर नवी औषधं आली तसं ते मागे पडलं. वनस्पतीची मुळी आहे म्हणून निर्धोक, असं मानणाऱ्यांसाठी सर्पगंधेचा हा इतिहास पुरेसा बोलका आहे.

शवासनाकडे परत येतो, कारण दात्यांच्या अभ्यासात एक उणीव होती. शवासन न करणाऱ्या रुग्णांचा तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. रक्तदाबाच्या बाबतीत ही उणीव मोठी ठरते. पहिल्यांदा दवाखान्यात मोजताना माणूस घाबरलेला असतो, दाब चढा येतो. पाचव्या-सहाव्या भेटीत डॉक्टर ओळखीचे होतात आणि काहीही उपचार न करता आकडा उतरतो. मग उतरला तो शवासनानं की सवयीनं?

हे इंग्लंडमध्ये तपासलं भारतीय वंशाच्या डॉक्टर चंद्रा पटेल यांनी. त्यांनी श्वास, शिथिलीकरण, ध्यान आणि बायोफीडबॅक एकत्र शिकवलं, आणि १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ३४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. या वेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी होती. शिकवलेल्या गटाचा दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ, तेवढ्याच भेटी मिळाल्या, फक्त शिथिलीकरण शिकवलं नाही. त्यांचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर आला. म्हणजे नुसत्या भेटींनी नऊ अंक गेले. उरलेला फरक शिकवण्याचा.

पण पुढे थंड पाण्याचा शिडकावा झाला. नेदरलँड्समधल्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य उच्च रक्तदाबाच्या ३५ रुग्णांपैकी काहींना शिथिलीकरण शिकवून वर्षभर सराव करायला लावला आणि सगळ्यांचा दाब दिवसरात्र धमनीच्या आतून मोजला गेला. शिकलेल्या आणि नुसते स्वस्थ बसवलेल्या गटांत काही फरक दिसला नाही. मला दोन्ही निकाल खरे वाटतात. पटेलांच्या रुग्णांचा सुरुवातीचा दाब बराच जास्त होता आणि त्यांच्याकडून रोजचा सराव कसून करून घेतला गेला होता. जिथून उतरायचं ती पायरीच उंच नसेल तर उतरणही लहान असते. शिवाय शिथिलीकरण दिवसाचा अर्धा तास व्यापतं आणि यंत्र उरलेले साडेतेवीस तासही मोजतं.

अलीकडे अनेक चाचण्या एकत्र करून सरासरी काढतात. २०१९ मध्ये योगाच्या ४९ चाचण्यांचं असं विश्लेषण झालं. एकूण उतरण सुमारे ५/४ अंकांची निघाली. ज्यांना उच्च रक्तदाब होता आणि ज्यांच्या सरावात आसनांबरोबर श्वसन व ध्यानही होतं, त्यांच्यात ती ११/६ पर्यंत गेली. नुसती आसनं केली तिथे कमी. शरीर वाकवण्यापेक्षा श्वास आणि स्वस्थता यांचा वाटा मोठा असावा, असं यातून दिसतं, आणि ते दात्यांच्या निवडीशी जुळतं. त्यांनी तर सगळ्यांत निश्चल आसन निवडलं होतं. तुलनेसाठी: रक्तदाबाची एक नेहमीची गोळी वरचा दाब साधारण नऊ अंकांनी उतरवते. आणि औषधांच्या मोठ्या चाचण्या सांगतात की वरचा दाब पाच अंकांनी कमी राहिला तर हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना सुमारे दहा टक्क्यांनी घटतात. म्हणून पाच अंक क्षुल्लक नाहीत. पण १७० वर असलेल्या माणसाला ते पुरेसेही नाहीत. त्याला गोळी हवीच, आणि शिवाय शवासन.

सराव कोणता टाळायचा, हे योगवर्गात स्पष्ट विचारावं. दाब ताब्यात नसताना जोरकस कपालभाती, भस्त्रिका, दीर्घ कुंभक, उड्डियान-नौली आणि शीर्षासन करू नये. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि त्यासोबत रक्तदाब झपाट्यानं वर उडी मारतो. टीव्हीवर पाहून पन्नाशीत कपालभातीचे शेकडो ठोके मारणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. त्यांना हवं ते नेमकं उलट आहे: लांब, आवाज न करणारा उच्छ्वास. भ्रामरी चालेल, कारण गुंजन करताना उच्छ्वास आपोआप लांबतो. शवासनात झोप लागली तरी घाबरायचं कारण नाही, पण जो रात्री घोरतो आणि दिवसा पेंगतो त्यानं झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्यावी. गोळ्यांना दाद न देणाऱ्या रक्तदाबामागे तो अनेकदा दडलेला असतो.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आपण बहुतेक जण त्याच्या पुष्कळ पुढे असतो. सुके बोंबील, सुकट, लोणचं, पापड आणि फरसाण पानात तसंच राहिलं तर शवासनानं मिळवलेले पाच अंक जेवणात परत जातात.

ज्याला हे स्वतःवर करून पाहायचं आहे त्यानं आधी दंडावर बांधायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र घ्यावं; मनगटाचं नको. पहिला आठवडा काहीही न बदलता, गोळ्या चालू ठेवून, सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी मोजावं. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी करून यावं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं, दंड छातीच्या पातळीवर असावा. मिनिटाभराच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. मग रोज अर्धा तास शवासन, किंवा दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं मिनिटाला सहा श्वास, असं सलग तीन महिने. शवासन संपल्या संपल्या किंवा अकलोलीहून परतल्या दिवशी मोजलेला आकडा या हिशेबात धरू नये. तीन महिन्यांनी पुन्हा एक आठवडा त्याच वेळांना, त्याच खुर्चीत बसून मोजावं आणि वही डॉक्टरांपुढे ठेवावी. दात्यांच्या रुग्णांची औषधं कमी झाली ती अशीच, आकडे पाहून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. काही गोळ्या, विशेषतः क्लोनिडिन आणि बीटा-ब्लॉकर, एकदम थांबवल्या तर दाब उसळून पहिल्यापेक्षा वर जातो, म्हणून त्या कमी करायच्याच झाल्या तर पायरीपायरीनं करतात आणि दर पायरीनंतर काही आठवडे थांबून पुन्हा मोजतात.